बेघर माणसांची कटिंग-दाढी करायचीये? पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

सलून चालवणारे, पार्लरवाल्या ताया, कोर्स नुकताच संपवलेली मुलंमुली, यातले बरेच जण विचारतात की रस्त्यावर राहणाऱ्या लोकांसाठी कटिंग-दाढी करायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करायची, कोणाला विचारायचं, ऊ-खरूज असेल तर काय करायचं. म्हणून सगळं लिहूनच काढतोय. उदाहरणं पुण्या-मुंबईची आहेत कारण ते माहितीचं आहे, पण नाशिक, नागपूर, सोलापूर कुठेही थोडाफार फरक करून चालेल.

आधी एक समज दूर करतो. बेघर म्हणजे भीक मागणारा, असं आपल्या डोक्यात असतं. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण १७ लाख ७० हजार बेघर लोक मोजले गेले आणि महाराष्ट्रात २ लाखांच्या वर, आणि यातले खूप जण रोज काम करतात. हमाली, भंगार-कागद गोळा करणं, नाक्यावर उभं राहून मिळेल ती मजुरी, लग्नसराईत केटरिंगला वाढपी. आता केटरिंगवाला दाढी वाढलेल्या, केस पिंजारलेल्या माणसाला वाढायला उभा करत नाही, सरळ परत पाठवतो, म्हणजे दाढी केलेली नाही म्हणून त्या दिवसाची मजुरी नाही आणि मजुरी नाही म्हणून दाढीला पैसे नाहीत. तुमची २० मिनिटं तिथे कामी येतात. वॉचमनची नोकरी, आधारचा फोटो, गावाकडच्या भावाला भेटायला जायचंय, कारणं प्रत्येकाची वेगळी असतात आणि ती ऐकून घेतली की कटिंग कशी करायची तेही कळतं.

कुठे करायचं

नवीन असाल तर थेट फूटपाथवर जाऊ नका, निवारा केंद्रापासून सुरू करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून शहरी बेघरांसाठी निवारे सुरू झाले, लाखभर लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय असा त्याचा हिशोब होता, प्रत्यक्षात तेवढे नसतात पण तुमच्या शहरात एखादा तरी नक्की सापडेल. महापालिकेच्या समाजविकास विभागात किंवा वॉर्ड ऑफिसला विचारा, पत्ता मिळतो. निवारे बहुतेक ठिकाणी एखादी संस्था चालवते, तिथल्या मॅनेजरशी बोला. निवाऱ्यात पाणी असतं, लाइट असते, प्लग असतो, बसायला खुर्ची असते आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथल्या लोकांना ओळखणारा एक माणूस असतो जो तुम्हाला सांगू शकतो की या काकांना फिट येते, त्या बाबांना मागून हात लावलेला चालत नाही.

वेळ संध्याकाळी ७ नंतरची किंवा सकाळी लवकरची धरा, दिवसा गेलात तर निवारा अर्धा रिकामा असतो कारण लोक कामावर असतात. आणि वार बघा. आपल्याकडे बरीच सलून सोमवारी बंद असतात म्हणून कारागीर मित्र सोमवारी मोकळे सापडतात, पण सोमवारी, शनिवारी, अमावस्येला केस न कापणारे लोक रस्त्यावरही आहेत, घर सुटलं म्हणून पाळणूक सुटत नाही. श्रावणात तर अनेक जण महिनाभर कात्री लावू देत नाहीत. त्यामुळे श्रावणाच्या आधीचा आठवडा आणि संपल्यानंतरचा आठवडा, दोन्हीकडे गर्दी असते, त्यावेळी जास्त माणसं घेऊन जा.

फूटपाथवर करायचं ठरवलंत तर ज्यांचं तिथे आधीपासून काम आहे त्यांच्याबरोबर जा. जेवण वाटणारे, मेडिकल कॅम्पवाले डॉक्टर, अशा कोणाबरोबर तरी. चौकीला आधी पत्र देऊन ठेवा, कारण गर्दी जमली की पोलिस येतात, आणि १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली उचलून बेगर होममध्ये नेतील ही भीती या लोकांच्या मनात पक्की बसलेली असते. गणवेश दिसला की निम्मी लाइन पळून जाते. चौकीला माहिती असेल तर साहेब लांबूनच हात करून जातात. रेल्वेच्या हद्दीत मात्र नुसतं पत्र चालत नाही, स्टेशन मॅनेजर आणि आरपीएफची परवानगी हवी, ती मिळायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीला स्टेशनच्या बाहेरची, महापालिकेच्या हद्दीतली जागा बघा. सुलभ शौचालयाच्या जवळची जागा मिळाली तर उत्तम, ते का ते पुढे सांगतो.

पिशवीत काय घ्यायचं

सलूनमधलं सगळं सामान न्यायची गरज नाही. चार्जिंगचे दोन ट्रिमर (एक संपला की दुसरा, शिवाय मध्ये साफ करायला वेळ मिळतो), गार्डचा सेट (केस किती लांब ठेवायचे त्याप्रमाणे ट्रिमरला लावायच्या टोप्या), दोन कात्र्या, तीन-चार कंगवे, एक बारीक दातांची फणी, पाण्याचा फवारा, वस्तरा म्हणजे ब्लेड बदलायचा होल्डरवाला, ब्लेडची पाकिटं, दाढीचं क्रीम, तुरटी, पावडर, मानेचा ब्रश, हातमोजे, ७० टक्के अल्कोहोलवालं स्पिरिट, साबण, कचऱ्याच्या पिशव्या, कटिंग करताना अंगावर घालायला धुता येणारी कापडं, शक्यतो माणशी एक. एक मध्यम आरसा, फुटणार नाही असा. फोल्डिंग खुर्ची किंवा उंच स्टूल. म्हाताऱ्यांना स्टुलावर तोल जातो म्हणून पाठ असलेली खुर्चीच बरी.

गार्डचे नंबर पार्लरच्या मुलींना नसतात कधी माहिती, १ नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. पहिल्यांदा कोणाचेही केस कापताना ४ पासून सुरुवात करा, कमी करता येतं, वाढवता येत नाही.

आणि या सगळ्याच्या आधी स्वतःचं बघा. हिपॅटायटिस बी ची लस घेतलीये का? तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. धनुर्वाताचं इंजेक्शनही चालू ठेवा. सलूनमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानेच हे घ्यायला हवं, कॅम्प असो नसो.

ब्लेड आणि सफाई, इथे कुठेही सूट नाही

हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर कमीत कमी ७ दिवस जिवंत राहू शकतो, वाळलेल्या रक्तात सुद्धा. म्हणून एका माणसाला वापरलेलं ब्लेड दुसऱ्याला नाही, कितीही लाइन असली तरी, ब्लेड संपली तर दाढी बंद, ट्रिमरने बारीक करून द्या. आपल्याकडे ब्लेड कागदात असतानाच मधून मोडून अर्धं-अर्धं वापरतात, तसं घरूनच मोडून ठेवलंत तर तिथे हात कापायची भीती नाही. नवीन ब्लेड त्या माणसाच्या डोळ्यांसमोर होल्डरमध्ये घाला. सलूनमध्ये गिऱ्हाईक बघतंय म्हणून आपण समोर घालतो ना, मग इथेही तसंच.

तुरटीचा खडा एकाच्या गालावरून दुसऱ्याच्या गालावर फिरवायचा नाही, पाण्यात विरघळवून छोट्या बाटलीत न्या आणि कापसाने लावा. दाढीचा ब्रशही नको, क्रीम हातमोजा घालून हातानेच लावा आणि मोजा प्रत्येकामागे बदला.

कात्री, कंगवा, ट्रिमरचं पातं प्रत्येकानंतर आधी केस झटकून काढा. कंगवा, कात्री साबणाच्या पाण्याने धुवा आणि मग स्पिरिटमध्ये १० मिनिटं बुडवून ठेवा. घाण तशीच असताना स्पिरिटमध्ये टाकलं तर उपयोग होत नाही, स्पिरिट घाणीखाली पोचत नाही. म्हणून तर दोन-तीन सेट लागतात, एक भिजतोय, एक हातात. ब्लीच लोखंडाला लावू नका, गंजतं. ते प्लास्टिकच्या गार्डला आणि रक्त सांडलं तर जमिनीला.

वापरलेली ब्लेडं जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. हा डबा कचऱ्यात टाकायचा नाही, मेडिकल कॅम्पवाल्या डॉक्टरांकडे किंवा ओळखीच्या दवाखान्यात द्या, त्यांच्याकडे टोकदार वस्तूंचा वेगळा डबा असतो आणि तो उचलणारी गाडी येते. तुम्ही कचऱ्यात टाकलेलं ब्लेड कोणाच्या हातात जाणार आहे हे विचार करून बघा, कचरा वेचणारे हातच. आणि त्यातलेच काही सकाळी तुमच्या खुर्चीत बसलेले असतात.

खुर्चीत बसवण्याआधी

झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. उभं राहून वरून बोलायचं नाही, खाली बसा, काका, मावशी, बाबा, दादा जे वयाला शोभेल ते म्हणा आणि सरळ विचारा, "कटिंग करतोय, फुकट आहे, करायची का?" नाही म्हणाले तर बरं म्हणून पुढे जा. पुन्हा पुन्हा विचारणं, "अहो बघा किती वाढलेत केस" असं म्हणणं, हे करू नका. पहिल्या वेळी नाही म्हणणारा तिसऱ्या वेळी स्वतःहून येतो, कारण त्याने दोन वेळा लांबून बघितलेलं असतं की तुम्ही लोकांशी वागता कसे.

हो म्हणाले की दुसरा प्रश्न, "कशी करू?" या कामात मला सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. रस्त्यावरच्या माणसाला जे मिळतं ते न विचारता मिळतं. जेवण जे असेल ते, चादर जी असेल ती, उठ म्हटलं की उठायचं, तिकडे जा म्हटलं की जायचं. आवडनिवड कोणी विचारतच नाही. त्यामुळे पहिल्यांदा विचारलं की बरेच जण "करा काहीही" म्हणतात. तिथे थांबू नका, अजून विचारा. बाजूने बारीक करू का, वर ठेवू का, मिशी ठेवायची का, कल्ले कुठपर्यंत, भांग कुठल्या बाजूला पाडता. मिशीचं तर नक्की विचारा, गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाची मिशी न विचारता काढली तर ते नुकसान भरून येत नाही. दाढी धर्माची असू शकते, शीख बांधवांचे केस कापायचेच नसतात, शेंडी असू शकते, नवस असू शकतो, घरातलं कोणी गेलंय म्हणून वाढवलेले असू शकतात. एखादा म्हणाला की केस लांबच ठेवायचेत, फक्त टोकं सारखी करा, तर तेवढंच करा आणि ते मन लावून करा. सगळ्यांना झिरो मशीन मारून पटापट लाइन संपवणं हे काम पटकन होतं खरं पण आपण तिथे त्यासाठी जात नाही. कोणी स्वतःहून झिरो मागितला तर वेगळी गोष्ट, उन्हाळ्यात, ऊ झाल्यावर मागतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र झिरो करण्याआधी सांगा की रात्री डोक्याला गार लागेल, आणि जवळ कानटोपी ठेवा द्यायला.

प्रत्यक्ष कटिंग

टाळू आधी बघून घ्या. बोटांनी केस बाजूला करत, मोजे घालून, न घाई करता. जखम, गळू, सूज, ऊ, चट्टे, सगळं कात्री लावायच्या आधी कळलं पाहिजे.

सलूनमध्ये केस धुतलेले असतात किंवा निदान स्वच्छ असतात, इथे धूळ-तेल-घाम बसून ते चिकट झालेले असतात आणि ट्रिमर सरळ घातला की अडकतो, केस ओढले जातात, माणूस कळवळतो. पाणी असेल तर आधी धुवायला द्या. नसेल तर फवारा मारून, कंगव्यावर कात्रीने आधी मोठे केस काढून टाका, मग ट्रिमर. ट्रिमरचं पातं गरम होतं, दर थोड्या वेळाने मनगटाला लावून बघत जा.

गुंता होऊन घट्ट गोळा झालेला असेल तर ओढायचं नाही. टाळू आणि गोळा यांच्या मध्ये कंगवा सरकवून त्याच्या वरून कात्रीने थोडं थोडं कापा, म्हणजे कातडी कंगव्याच्या खाली सुरक्षित राहते. कंगवा जातच नसेल इतका गोळा टाळूला चिकटलेला असेल तर गार्ड न लावता ट्रिमर अगदी हळू, कडेकडेने आत. खाली जखम निघू शकते हे धरूनच चला. बायकांच्या बाबतीत आधी विचारा की कापायचा की सोडवायचा. खोबरेल तेल किंवा भरपूर कंडिशनर लावून टोकाकडून वर येत सोडवला तर बराच गुंता सुटतो, पण तास-दीड तास जातो, तेवढा वेळ देणारं वेगळं माणूस हवं.

आणि जट. देवीची जट आहे, कापली तर कोप होईल असं कोणी म्हणालं तर फूटपाथवर वाद घालत बसू नका आणि गुपचूप कापूही नका. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटनिर्मूलनाचं काम वर्षानुवर्षं करतायत, ते त्या बाईशी पुन्हा पुन्हा बोलतात, मनातली भीती गेल्यावरच कात्री लावतात. त्यांना कळवा.

बायकांसाठी आडोसा पाहिजेच. दोन खांबांना दोरी बांधून दोन जुन्या साड्या, झालं. कापणारीही बाईच असावी. रस्त्यावर राहणाऱ्या काही बायका मुद्दाम केस बारीक ठेवतात, रात्रीची सुरक्षितता म्हणून, आणि काही जणींना लांब केसच हवे असतात, त्यामुळे "बाईमाणसाचे केस कशाला कापता" किंवा "बारीक केले की सोपं पडेल" यातलं कुठलंच आपण ठरवायचं नाही. वयस्कर विधवा बाईला तर केस फार बारीक करू का असं सहज सुद्धा विचारू नका, आपल्याकडे त्याचा जुना अर्थ काय होतो ते तुम्हाला माहितीये.

वस्तऱ्याने दाढी कोणाची नाही करायची तेही सांगून ठेवतो. हात-मान थरथरतेय (दारू सुटल्यावर असं होतं), प्यायलेला आहे, नीट बसवत नाही, चेहऱ्यावर पुरळ-पू आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, अशा सगळ्यांना फक्त ट्रिमर. मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फूटपाथवर पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात, त्यांच्यात सेवा करायला जाणारे असाल तर लक्षात ठेवा, केमो चालू असलेल्या माणसाला ब्लेड अजिबात लावू नका, प्लेटलेट कमी असतात, छोटी जखम थांबत नाही आणि लगेच इन्फेक्शन होतं. स्वच्छ केलेला ट्रिमर, गार्डसकट, तोही डॉक्टरांना विचारून.

ऊ, नायटा, खरूज, जखम

ऊ आहे म्हणून कोणाला परत पाठवू नका, आणि मोठ्याने बोलूही नका. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागून किंवा कंगवा-टॉवेलमधून जाते आणि डोक्यापासून सुटली की एक-दोन दिवसांत मरते. मोजे घाला, त्याचं कापड आणि कंगवा वेगळा, कापलेले केस लगेच पिशवीत घालून गाठ. केस ठेवायचे असतील तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मेडिकलमध्ये मिळतं, धुतलेल्या ओलसर केसांना लावून १० मिनिटांनी धुवायचं आणि ७ ते १० दिवसांनी परत, कारण लिखा पहिल्या वेळी सगळ्या मरत नाहीत. म्हणजे ज्याला लोशन लावलं त्याच्यासाठी पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे, हे आधीच ठरवा. अंगावरच्या उवा कपड्यांच्या शिवणीत राहतात, त्यावर उपाय कपडे बदलणं हाच.

डोक्यात गोल गोल चट्टे, तिथले केस गेलेत, खपल्या आहेत, विशेषतः लहान मुलांत, तर तो नायटा असू शकतो. टाळूच्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात पाठवा. त्याची कटिंग शेवटी घ्या आणि पातं नंतर नीट धुवा. बोटांच्या बेचक्यात पुरळ, रात्री जास्त खाज, ती खरूज, तीही दवाखान्याची गोष्ट आणि बरोबर राहणाऱ्या सगळ्यांना एकदमच औषध लागतं.

डोक्यातल्या जखमेत अळ्या झालेल्या दिसू शकतात. बघून दचकायला होतं, पण त्या माणसासमोर तोंड वाकडं करू नका. तुम्ही स्वतः काढत बसू नका, पाणी-डेटॉल ओतू नका, स्वच्छ कापड हलकंसं ठेवून १०८ ला फोन करा किंवा सरकारी हॉस्पिटलला घेऊन जा, पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर. तुमच्यातला एक जण बरोबर गेला पाहिजे, एकट्या बेघर माणसाला केसपेपरच्या रांगेतून परत यावं लागतं असं बरेचदा होतं.

मनाने आजारी असलेली माणसं

रस्त्यावर स्वतःशी बोलत फिरणारा, अंगावर चिंध्या, केसांचा गठ्ठा झालेला माणूस दिसला की "याची कटिंग करून आंघोळ घालू" असं वाटतं, चार जण धरून करतातही, आणि व्हिडिओही काढतात. हे करू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २० मध्ये स्पष्ट आहे की मानसिक आजार असलेल्या माणसाचं सक्तीने मुंडण करता येणार नाही. हॉस्पिटललाही ते बंधन आहे मग आपण कोण. त्याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा निराधार फिरणाऱ्या माणसाची जबाबदारी पोलिसांवर आहे, ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत त्याला सरकारी दवाखान्यात तपासणीला नेलं पाहिजे. ठाण्यात हे कलम नंबरासकट सांगा, उपयोग होतो. सल्ल्यासाठी टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन आहे, रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणून उपचार करून देशभरात कुठेही त्यांच्या घरी पोचवतात, २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना याच कामासाठी मिळाला. अशा ठिकाणी कटिंग हा उपचाराचा एक भाग असतो, औषध-जेवण-झोप याच्या बरोबरीने, नुसतं रूप बदलून परत त्याच फूटपाथवर सोडून देणं नसतं.

निवाऱ्यात शांत असलेला, हो म्हणणारा माणूस असेल तर जरूर करा. मागून जाऊ नका, समोर उभे राहा, ट्रिमर आधी लांब चालू करून आवाज ऐकवा, स्वतःच्या हातावर फिरवून दाखवा, मग त्याच्या मनगटाजवळ, मग डोकं. अर्ध्यात "बस" म्हणाला तर बस. अर्धी राहिलेली कटिंग पुढच्या वेळी पूर्ण करता येते.

कटिंग झाल्यावरचा अर्धा तास

नवीन लोक हमखास हे विसरतात. आपण घरी जाऊन आंघोळ करतो, त्या माणसाच्या कॉलरमध्ये बारीक केस तसेच राहतात, एकच शर्ट, रात्रभर टोचतं. म्हणून शक्य असेल तर शर्ट काढून बसवा, मानेला टिश्यू गुंडाळून वर कापड बांधा, झाल्यावर पावडर लावून ब्रशने नीट झटका. आणि सुलभ शौचालयाची जागा बघा म्हटलं ते यासाठी. तिथल्या माणसाशी आधी बोलून आंघोळीचे पैसे एकदम भरून ठेवा, साबणाची वडी आणि धुतलेला जुना शर्ट-पँट हातात द्या. कटिंग आणि लगेच आंघोळ, हे दोन्ही जमलं तरच काम पूर्ण झालं म्हणा.

नखं कापायला एक व्हॉलंटिअर वेगळा ठेवा, ज्यांना कटिंग येत नाही पण यायचंय त्यांच्यासाठी हे चांगलं काम आहे, तसंच लाइन बघणं, टोकन देणं, कंगवे धुणं. नेलकटर प्रत्येकानंतर स्पिरिटमध्ये. पायाची जाड, वळलेली नखं आणि शुगरवाल्यांचे पाय तेवढे डॉक्टरांसाठी सोडा.

आरसा द्यायच्या आधी विचारा, काहींना बघायचं नसतं.

फोटो आणि रील

न्यूयॉर्कचा मार्क बुस्टोस, लंडनचा जोशुआ कूम्ब्ज यांच्या रस्त्यावरच्या कटिंगचे फोटो जगभर फिरले आणि त्यातून खूप जणांना हे काम सुचलं हे खरंय. पण आपल्याकडे आता आधी-नंतरची रील काढण्यासाठीच माणूस शोधला जातो आणि ते मला अजिबात पटत नाही. ज्याच्या घरच्यांना तो रस्त्यावर राहतो हे माहितीच नाहीये, जी बाई नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलीये, त्यांचा चेहरा गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचला तर? फुकट सेवा घेताना माणूस नाही म्हणू शकत नाही म्हणून त्याच्या "हो" ला इथे अर्थ नसतो. देणगीदारांना दाखवायला काही लागत असेल तर हाताचा, कात्रीचा, खुर्चीचा फोटो काढा, चेहरा नको. त्याने स्वतः मागितला, तर त्याच्यासाठी काढा आणि प्रिंट करून त्यालाच द्या, पुष्कळ जणांकडे स्वतःचा एकही फोटो नसतो.

लहान मुलं एकटी दिसली तर कटिंगच्या आधी मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला फोन, आजी-आजोबांसाठीची हेल्पलाइन १४५६७. हे नंबर पिशवीच्या झाकणावरच लिहून ठेवा.

किती माणसं, किती वेळा

नुसती ट्रिमरची कटिंग १०-१२ मिनिटं, कटिंग आणि दाढी मिळून २५ मिनिटं, त्यात सफाई धरली तर दोन तासांत एका कारागिराने चार-पाच जणांपेक्षा जास्त घेऊ नये. तीन कारागीर असतील तर १५ टोकन काढा आणि सोळाव्याला तिथेच सांगा की आज होणार नाही, पुढच्या वेळी तुमचा नंबर पहिला, आणि तसं वहीत लिहून घ्या. दोन तास रांगेत बसवून शेवटी परत पाठवणं फार वाईट.

वारीच्या वाटेवर आपले नाभिक बांधव वारकऱ्यांची फुकट दाढी-कटिंग करतात, ते एकदा जवळून बघा, ओळीने खुर्च्या लावून किती शिस्तीत चालतं. त्यातल्याच एखाद्या संघटनेशी बोललात तर महिन्यातून एकदा येणारे अनुभवी कारागीर मिळतात. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी ट्रेडची मुलंही येतात, पण शिकाऊ मुलांना पहिले दोन-तीन वेळा फक्त ट्रिमर द्या, वस्तरा नको. फुकट आहे म्हणून शिकायला डोकं मिळालं, असं कोणाच्याही मनात असेल तर त्याला आणूच नका.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे कटिंग महिन्याने लागते, दाढी मात्र आठवड्याने. त्यामुळे एकदा मोठा कॅम्प घेऊन बॅनर लावण्यापेक्षा दोनच कारागिरांनी दर महिन्याच्या ठरलेल्या वारी, त्याच जागी, त्याच वेळेला जाणं जास्त उपयोगाचं, मधल्या आठवड्यांत दाढीपुरता एक जण गेला तरी पुरतं. तुम्हाला यायला जमणार नसेल तर निवाऱ्याच्या मॅनेजरला आदल्या दिवशी फोन करा, कारण त्या दिवशी काही जण कामावरून लवकर येऊन बसतात. वहीत नाव, त्यांनी सांगितलेली स्टाइल, कोणाला ब्लेड चालत नाही, कोणाला लोशनचा दुसरा हात द्यायचाय एवढं लिहून ठेवा, आडनाव-गाव-जात विचारू नका. पुढच्या वेळी दुसरा कारागीर गेला तरी वही बघून तो विचारू शकतो की मिशी तशीच ठेवू ना काका, मागच्या वेळसारखी.